घरटी एक माणूस

हळू व्हायची तयारी मी घाईघाईनेच केली. छप्पन्नावं लागलं त्याच आठवड्यात एक तक्ता बनवला. दोन वर्षांत कोणती जबाबदारी कोणाकडे जाणार, कोणत्या महिन्यापासून मी कोणत्या मीटिंगला बसणं बंद करणार, रक्तदाब कितीवर आणणार, सगळं त्यात होतं. छंदांचा रकाना वेगळा. त्यात मातीकाम, सतार आणि पक्षिनिरीक्षण अशी तीन नावं होती आणि प्रत्येकापुढे पूर्ण करायची मुदत. आमच्या ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो रकाना वाचला आणि विचारलं, "पक्षी मार्चमध्ये संपतात का?"

मी हसले नाही. परभणीहून आलेली, इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घाम फुटणारी मुलगी हिंजवडीत साडेचारशे माणसांची प्रमुख झाली, ती काही नशिबाने नव्हे. असल्याच तक्त्यांच्या जोरावर झाली. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, असं ड्रायव्हर लोक सांगतात. मला ते पटलेलं होतं. जी शिस्त वर घेऊन गेली तीच खाली आणून सोडेल, असा माझा हिशेब होता.

तक्त्यात न लिहिलेली एक भीती मात्र होती. माझ्या आधी त्या खुर्चीत बसणारे साहेब निवृत्त झाले तेव्हा मोठा समारंभ झाला, लोक रडले. दोनएक महिन्यांनी ते सहज म्हणून ऑफिसात आले. गेटवर त्यांना पाहुण्यांचा पास लिहून घ्यावा लागला. मग कँटीनमध्ये डोशाची प्लेट घेऊन ते एकटेच बसले. ज्यांनी मला काम शिकवलं त्यांना मी लांबून हात केला आणि मीटिंगला पळाले. उत्तरादाखल त्यांनी उचललेला हात अर्ध्यावरच राहिला, तो मला अजून दिसतो. आपल्यालाही असंच कोणी हाक मारेनासं होईल, याची मला धास्ती होती. बाकी कशाची नव्हती.

त्यावरचा माझा उपाय म्हणजे कासार आंबोलीचं घर. आठ वर्षांपूर्वी आम्ही तिथे दहा गुंठे घेऊन छोटं घर बांधलं. हे पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. चार वर्षांपूर्वी त्यांनी वेळेआधीच नोकरी सोडली आणि ते जवळजवळ तिथेच राहायला गेले. माझं बिऱ्हाड बावधनच्या फ्लॅटमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी माण-घोटवडे रस्त्याने यायचं आणि सोमवारी सकाळी परत, असा माझा शिरस्ता. खुर्ची सुटली की इथेच कायमचं यायचं ठरलेलं होतं. त्यामुळे इथे आपल्याला ओळखणारी माणसं हवीत, हेही मी तक्त्यात घातलं होतं. "गाव" असा रकाना होता. तो रिकामा होता.

शेजारी आबा. आमची जमीन त्यांच्याच भावकीतली. दोन खाचरं भाताची राखून बाकीच्या जागेत त्यांनी आठ खोल्या बांधल्या आणि पिरंगुटच्या कारखान्यांतल्या लोकांना भाड्याने दिल्या. आबांनी आमच्या फाटकाची बेल कधी वाजवली नाही. फाटकापाशी उभं राहून हाक मारायची, ओ आली तर बोलायचं, नाही आली तर पुढे जायचं.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, अशीच त्यांची हाक आली.

"सर हायेत का?"

"नाशिकला गेलेत, बहिणीकडे. मला सांगा ना."

आबांनी मला जरा न्याहाळलं. "रविवारी सकाळच्याला वढा अडवायचाय. घरटी एक माणूस."

एवढंच बोलून ते पुढच्या घराकडे गेले. आमच्या मागून ओढा वाहतो. पाऊस सरला की वस्तीतले लोक पोत्यांत माती भरून तो अडवतात, म्हणजे विहिरींचं पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकतं. हे मला माहीत होतं. त्या रविवारी मला परदेशातल्या ग्राहकाशी बोलायचं होतं, ते टळणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या प्रकाराची गंमतच वाटली. चाळीस घरं, चाळीस माणसं, अख्खी सकाळ. जे काम एका यंत्राचं, त्याला एवढा खटाटोप कशाला?

एकाच्या जागी दुसरा पाठवणं हे तर माझं पोटापाण्याचं काम. ऑफिसात आम्ही माणसांना रिसोर्स म्हणतो. "दोन रिसोर्स दे", "हा रिसोर्स सोमवारी बदलून देते", असं मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे. शिवाय स्वतः राबणारा मॅनेजर कच्चा, हे मी नव्या लोकांना वर्षानुवर्षं शिकवत आले होते. घोटवडे फाट्यावरच्या आमच्या ओळखीच्या ठेकेदाराला फोन केला. रविवारी सात वाजता ओढ्यावर जेसीबी हजर, सोबत दोन गडी. मी त्या बोलण्यासाठी बावधनलाच, माझ्या खुर्चीत. चाळीस मिनिटांत काम फत्ते झाल्याचा फोटो आला. बांध छान दिसत होता. काठावर वस्तीतले लोक फावडी टेकून उभे होते.

पुढच्या शनिवारी आबा रस्त्यात भेटले. "लवकर उरकलं म्हणायचं," ते म्हणाले. मला ते कौतुक वाटलं. सोमवारी जेवताना मी ऑफिसात हा किस्सा रंगवून सांगितला. लोकांनी वाहवा केली. साडेचारशे माणसांच्या प्रमुखाचे किस्से लोकांना आवडतातच.

पुढच्या वर्षी मात्र हाक आली नाही.

मी वाट पाहत होते, हे कबूल करते. त्या वर्षी मी दिवाळीनंतरचे रविवार मोकळे ठेवले होते. एका रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर गेले, तर खालच्या वाटेने लोक घमेली, फावडी घेऊन ओढ्याकडे चाललेले. आबा होते, त्यांच्या घरच्या बाया होत्या, पलीकडच्या वाड्यावरचे लोक होते. आबांचे भाडेकरूसुद्धा होते, खोलीमागे एक. सहा महिन्यांपूर्वी बिहारकडून आलेल्या वेल्डरला बोलावणं होतं. आमच्या फाटकापाशी कोणी थांबलं नाही, मान वर करून कोणी पाहिलंही नाही. हे नेहमीप्रमाणे दूध आणायला गेलेले. त्यांची वाटही न बघता मी गाडी काढली आणि तणतणत बावधनला निघून आले. भूगावच्या गर्दीत पोचेपर्यंत माझं आबांना मनातल्या मनात पुष्कळ सुनावून झालं होतं. ह्यांना मी त्यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं काय, की मला चिखलात काम करायला कोणी बोलावलं नाही?

वर्षभर मी तो राग जपला. मध्ये एकदा आबांना, राग बाजूला ठेवून, "पोती वगैरे लागली तर सांगा, मी पाठवते," म्हणून पाहिलं. "पोती हायेत," म्हणाले, आणि विषय संपला.

इकडे ऑफिसातलं काम तक्त्याबरहुकूम चाललं होतं. माझ्या जागी येणारी मुलगी, म्हणजे चाळिशीची बाई, पण माझ्या हाताखाली आली तेव्हा मुलगीच होती, ती तयार होत होती. मी एकेक मीटिंग सोडली, एकेक सही सोडली. पावसाळ्यात एका ग्राहकाकडे मोठी भानगड झाली. यंत्रणा दीड दिवस बंद. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं, तेही मिटल्यावर. तिने सगळं निस्तरलं होतं, मला फोन करायची गरजच पडली नव्हती. मी तिची पाठ थोपटली. दोन वर्षं मी नेमकं हेच घडवत होते, आणि ते घडलं होतं. मग बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि पाच मिनिटं रडले.

त्या दिवशी मला आमच्या साहेबांचा अर्ध्यावरचा हात आठवला. ऑफिसातली हाक मी स्वतः बंद करत आणली होती आणि गावातली कधी सुरूच झाली नव्हती. तेलही गेलं, तूपही गेलं. पण रडून झाल्यावर मला माझाच राग आला. बोलावलं नाही म्हणून रुसून बसायला ते काय लग्न होतं? कामाला जायला आमंत्रण कशाला लागतं? या वर्षी आपणच जायचं, असं मी ठरवून टाकलं. ठरवलं की मला बरं वाटतं, तो माझा स्वभावच आहे.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ओढ्याकाठच्या जांभळाखाली रिकाम्या पोत्यांची चवड दिसली, म्हणजे उद्याच. ह्यांना काही बोलले नाही. गमबूट आठवडाभर आधीच मागवून डिकीत लपवले होते. रविवारी साडेसहाला उठले तर हे दुधाला गेलेले. मी बूट चढवले, ओढणी कमरेला बांधली आणि निघाले. एवढी तर मी पहिल्या मुलाखतीलाही घाबरले नव्हते.

ओढ्यावर रांग लागून गेली होती. काठावर काहीजण माती भरत होते, बाया पोत्यांची तोंडं शिवत होत्या, आणि पोती हातोहात पाण्यातल्या माणसांकडे जात होती. रांगेच्या मधोमध गुडघाभर पाण्यात, पँट वर दुमडून, आमचे हे.

आबांनी मला पाहिलं आणि विचारलं, "सरांना काई निरोप हाय का?"

"नाही. मी कामाला आलेय."

"तुमच्या घरचं माणूस आलंय की."

"आणि मागच्या वर्षी?"

"मागल्या साली बी आलतं. तुमी गाडी घिऊन चालला व्हता तवा सर हितंच व्हते."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते हातातलं पोतं पुढे देत शांतपणे म्हणाले, "आबांनी मला दुधाच्या वाटेवर सांगितलं होतं."

"मग मला का नाही बोललात?"

"तू विचारलं नाहीस. आणि सांगितलं असतं तर तू पोत्यांचं टेंडर काढलं असतंस."

पाण्यातले चारजण हसले. मला इतकी चीड आली की कान तापले. वर्षभर मी ज्या अपमानाला खतपाणी घातलं तो झालाच नव्हता. फाटकापाशी कोणी थांबलं नव्हतं, कारण आमच्या घरचा माणूस आधीच पोचला होता. घर मोजलं गेलं होतं. फक्त मी मोजले गेले नव्हते, आणि हे कळल्यावर तर जास्तच लागलं.

"आबा, पण त्याच्या आधीच्या वर्षी मी पाठवलं होतं की," मी म्हणाले. आवाज वर गेला होता. "जेसीबी पाठवला, वर दोन माणसं पाठवली."

"ती माणसं कुनाच्या घरची व्हती?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांची नावंही मी विचारली नव्हती.

"बांध चांगला व्हता त्यो," आबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता, हिशेब समजावून सांगावा तसं ते बोलत होते. "पर म्याडम, आमी माणूस मागितला व्हता. तुमी काम करून पाठवलंत. आता घरं मोजताना जेसीबी कुठल्या घरात धरायचा?"

पोती शिवणारी एक बाई मान वर करून म्हणाली, "ह्याच का जेसीबीच्या ताई?"

म्हणजे मला हे नाव पडून दोन वर्षं झाली होती, आणि तेही मला आत्ता कळत होतं. ह्यांनी ओठ दाबून हसू आवरलं. त्या क्षणी परत फिरावं असं मला फार वाटलं. गाडीची किल्ली खिशातच होती. पण परत जाऊन करायचं काय? तक्त्यातला पुढचा रकाना उघडायचा? आणि खरं म्हणजे आबांचं बोलणं मला पटलं होतं. तीस वर्षांत मला इतक्या कमी शब्दांत कोणी चूक दाखवली नव्हती.

"घरचं माणूस हाय ते हाय," मी आबांना म्हणाले. मी त्यांच्या बोलीत का बोलले कोण जाणे. "जास्तीचं चालतं का?"

"चालतंय की," आबा म्हणाले. "पर जास्तीच्याला च्या शेवटी."

मी पाण्यात उतरले. गमबुटात पहिल्याच पावलाला पाणी शिरलं आणि ते जड झाले, तेव्हा ते काढून काठावर फेकले. रांगेत मला ह्यांच्या शेजारची जागा मिळाली. ओल्या मातीचं पोतं किती जड असतं, हे फोटोत दिसत नाही. दहा पोत्यांनंतर माझी कंबर बोलायला लागली. वीस पोत्यांनंतर माझ्यातला मॅनेजर बोलायला लागला. रांग वाकडी होती, दोघं उगाच समोरासमोर उभे होते, एका माणसाची बचत सहज झाली असती. मी तोंड उघडलं, "असं केलं तर... तुम्ही इकडे आलात ना, तर..."

"ताई, घाई न्हाई," समोरचा माणूस म्हणाला आणि पोतं माझ्या हातात दिलं.

मग मी गप्प राहून पाहू लागले. ते समोरासमोर उभे असलेले दोघं सख्खे भाऊ होते. शेताच्या बांधाच्या कज्ज्यावरून त्यांच्यात तीन वर्षं बोलचाल नव्हती, हे ह्यांनी मला हळूच सांगितलं. पोतं घेताना एकाला दुसऱ्याकडे बघावंच लागत होतं. एकदा पोतं निसटलं तर थोरल्याने नुसतं "धर" म्हटलं. वेल्डरला बाया मराठी शिकवत होत्या आणि त्याच्या उच्चारांवर हसत होत्या. कोणाच्या सुनेला कितवा महिना, कोणाचा ऊस कुठे अडकला, कोणी जमीन विकली आणि आता काय करतो, सगळं त्या पोत्यांबरोबर हातोहात पुढे जात होतं. जेसीबीने हे सगळं चाळीस मिनिटांत उडवून लावलं होतं. मला फार लाज वाटली. आणि थोड्या वेळाने, का ते सांगता येत नाही, फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी अशा जागी उभी होते जिथे माझ्यावाचून काहीही अडणार नव्हतं, तरी माझे हात भरलेले होते.

चहा मला खरोखरच सगळ्यात शेवटी मिळाला. कप संपले होते, म्हणून आबांनी स्वतःचा विसळून दिला.

दोन दिवस मला वाकता येत नव्हतं. तक्ता मी टाकून दिला नाही. माझ्यासारखीला तो लागतोच, आणि कामं वाटून देण्यात मी आजही कोणाला हार जाणार नाही. फक्त "गाव" हा रकाना काढून टाकला. पक्ष्यांची मार्चची मुदतही काढली.

खुर्ची सोडायला आता थोडेच महिने उरलेत. गेल्या जानेवारीतली एक सकाळ सांगते. शनिवार होता. मी अंगणात बसले होते आणि हे तुरीच्या शेंगा सोलत होते. त्या दिवशी आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाबरोबर वर्षाचा आढावा होता. पूर्वी या आढाव्यासाठी मी आठवडाभर झोपायचे नाही. आता तो माझ्या जागेवर येणारी बाई घेणार होती. बरोबर नऊला तिचाच फोन आला. पावसाळ्यापासून ऑफिसातल्या ज्या हाकेसाठी जीव टाकला ती हाक आली.

"मॅडम, एक मिनिट. त्यांनी ऐन वेळी नवी अट घातलीय. तुम्ही जॉइन होता का?"

अट मी ऐकली. उत्तर माझ्या जिभेवर होतं. तेवढ्यात फाटकापाशी आबा येऊन उभे राहिले.

"ओ जेसीबीताई!"

"ओ," मी फोनवर हात ठेवून म्हटलं.

"डोंगराच्या पायथ्याचं गवत कापायचंय, वणव्याच्या आदी. आत्ताच निघायचंय. घरटी एक माणूस."

फोनवर मी विचारलं, "तुला काय वाटतं?" तिने सांगितलं. मी सांगितलं असतं त्याहून वेगळं होतं, पण चुकीचं नव्हतं. "मग तसंच कर," म्हणाले, आणि फोन ओट्यावर ठेवला.

हे शेंगांची परात बाजूला सरकवून उठायला लागले होते.

"तुम्ही बसा," मी म्हटलं. "आज घरचं माणूस मी आहे."

पडवीत अडकवलेला विळा घेतला आणि आबांच्या मागून निघाले.